‘किंवा तत्सम’

परदेशी सहलीच्या माहितीपत्रकात हॉटेलच्या नावापुढे बारीक अक्षरांत छापलेल्या ‘किंवा तत्सम’ या शब्दांचा अर्थ मला एकदा कोणीतरी समजावून सांगावा! व्हेनिसच्या नावाने पैसे घ्यायचे आणि मुक्कामाला पाण्यापलीकडे मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे उपनगरातल्या अशा खोलीत नेऊन टाकायचे, की जिथे बॅग उघडायची तर सहप्रवाशाला पलंगावर चढून बसावे लागते, हे कसले तत्सम? दरवर्षी दर वाढतात ते वाढतातच. पॅरिसने २०२४ मध्ये पर्यटक कर वाढवला, हे कारण तत्परतेने पुढे केले जाते. पण तो माणशी रात्रीमागे काही युरोंचा, मग बाकीची वाढ कशाची? भल्या पहाटे पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळणाऱ्या थंडगार पावाची? चार तारे म्हणे! ते बहुधा खिडकीतून दिसत असावेत, अर्थात खिडकी उघडत असेल तर.