अनलिमिटेड म्हणजे किती, ते एकदा लिहून द्या

आज सकाळी एका फोटोग्राफर मित्राने स्क्रीनशॉट पाठवला. त्याच्या नेट कंपनीचा मेसेज: आपला वापर जास्त असल्याने वेग कमी केला आहे. प्लॅनचं नाव काय, तर अनलिमिटेड! त्यावर ग्रुपमधल्या एकाचं शहाणपण, "अनलिमिटेड आहे म्हणून काय ओरबाडायचं का?" त्या 'ओरबाडायचं'वरून डोकं सटकलं.

ओरबाडलं किती ते बघा. २ टीबी, म्हणजे २००० जीबी फोटोंचा नेटवरचा पहिला बॅकअप, अपलोडचा वेग २० एमबीपीएस. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट; म्हणून आठने भागलं की सेकंदाला अडीच एमबी. लाईन दिवसरात्र भरून चालली तरी दिवसाला २१६ जीबी, म्हणजे काम सव्वानऊ दिवसांचं. सहा दिवसांत १.३ टीबी वर गेलं आणि वेग आणला १ एमबीपीएसवर. आता दिवसाला जेमतेम ११ जीबी. उरलेल्या ७०० जीबीला दोन महिने लागतील.

त्या लाईनवरून महिन्याभरात साडेसहा टीबीच्या वर काही जाऊच शकत नाही. नळाची जाडी कंपनीनेच ठरवली, पैसेही त्या जाडीचेच घेतले. मग पाणी किती वेळ सोडायचं याचा संकोच गिऱ्हाइकाने का करायचा?

एकच लाईन अनेकांना वाटून विकलेली असते, सगळ्यांनी एकदम भरली तर सगळेच रखडतात, हे खरं. पण तो हिशोब विकणाऱ्याचा. बहुतेक लोक फार थोडं वापरतात हे त्याला पक्कं माहीत असतं, आणि 'अनलिमिटेड' हा शब्द त्याच जोरावर छापलेला असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये वनड्राइव्ह या आपल्या ऑनलाइन साठवण सेवेतली अमर्याद जागा बंद केली, तेव्हा कारण दिलं की काहींनी ७५ टीबीच्या वर भरलं, सरासरीच्या १४,००० पट. जरा भागाकार करा. सरासरी निघते साडेपाच जीबीच्या आत! पाच जीबीचा अंदाज धरून अमर्याद विकायचं आणि कोणी शब्दाला जागला की त्याला हावरट ठरवायचं.

अमेरिकेत एटी अँड टीने हेच केलं. अनलिमिटेड घेतलेल्या काहींचा वेग महिन्यात २ जीबी झाल्यावरच पाडला. २०१४मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने खटला भरला आणि २०१९मध्ये ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मित्राने १.३ टीबी वापरलं म्हणून तोंड वासणाऱ्यांनी हे २ जीबी लक्षात ठेवावेत.

एका घराचं कनेक्शन घेऊन अख्ख्या इमारतीला विकणाऱ्याची बाजू मी घेत नाही. ते करारातच नसतं.

आता थोडं शांतपणे. बॅकअपच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा असते, ती लाईनच्या ७०-८० टक्क्यांवर ठेवा. कंपनीवर उपकार म्हणून नव्हे. अपलोड ठासून भरलं की डाउनलोड चालू असताना 'मिळालं' असं समोरच्याला कळवणाऱ्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात, आणि घरातला व्हिडिओ कॉल तुटायला लागतो. मोठं काम रात्री लावा, संध्याकाळी गर्दी असते. शेजाऱ्यासाठी एवढं करायला काही हरकत नाही. कॅशे (पुन्हा लागेल म्हणून प्रोग्रॅमने साठवलेल्या प्रती) आणि तात्पुरत्या फाइल्स बॅकअपमधून वगळा. व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकाची, डिस्क फाइल तर आधी वगळा: आत एक ओळ बदलली तरी काही सॉफ्टवेअर १०० जीबीची अख्खी फाइल पुन्हा चढवतात. फक्त बदललेले तुकडे पाठवणारं सॉफ्टवेअर असेल तर प्रश्नच नाही. आणि राउटरवरचा वापराचा आकडा रोज टिपून ठेवा. कंपनीच्या आकड्याशी जुळला नाही तर आधी १००० आणि १०२४चा घोळ तपासा (कोणी १००० एमबीचा जीबी धरतं, कोणी १०२४चा), टीबीला दहा टक्क्यांचा फरक तिथेच पडतो.

पण हे सगळं सोयीसाठी, अपराधी वाटून नव्हे. मित्राने 'जरा बेताने वापरायला हवं होतं' असं स्वतःच म्हटलं, त्याचा जास्त राग आला. बेत म्हणजे किती? १ टीबी? ५००? करारात 'वाजवी वापर' एवढे दोनच शब्द आहेत, आकडा कुठेही नाही.

म्हणून दुपारी त्याला कंपनीला एका ओळीचा मेल टाकायला लावला: 'माझी मर्यादा किती जीबी, कृपया लेखी कळवा.' आत्ताच उत्तर आलंय.

'प्रिय ग्राहक, आपला प्लॅन अनलिमिटेड आहे.'