ऑटोमॅटिक स्टोव्हची सेवा

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये घर घेतलं तेव्हा विकणाऱ्या बाई हॉलमधल्या पेलेट स्टोव्हकडे बोट करून म्हणाल्या होत्या, हा एकदम ऑटोमॅटिक आहे, काही बघावं लागत नाही. अर्धं खरं आहे. पेटतो आपला आपण, पेलेट खातो आपले आपण, राखही आपली आपणच करतो, फक्त ती काढायची वेळ आली की साहेबांना माणूस लागतो. तो माणूस म्हणजे मी.

ज्यांनी हे प्रकरण बघितलं नाही त्यांच्यासाठी: पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या, ४० पौंडांची म्हणजे साधारण १८ किलोची गोणी, ती वरून हॉपरमध्ये, म्हणजे पेलेटच्या टाकीत ओतायची, ऑगर नावाचा स्क्रू त्या कांड्या थोड्या थोड्या बर्न पॉटमध्ये, म्हणजे जिथे जाळ होतो त्या भांड्यात ढकलतो, एक पंखा धूर बाहेर ओढतो, दुसरा गरम हवा घरात फेकतो. दोन्ही पंखे विजेवर, त्यामुळे बर्फाच्या वादळात लाईट गेली की हाही गारठून बसतो. ५० गोण्यांचा एक टन, तो एकदम घेतला की स्वस्त पडतो म्हणून आमच्या गॅरेजमध्ये गोण्या राहतात आणि गाडी बाहेर बर्फात.

तर जानेवारी, बाहेर उणे अठरा, साताऱ्याहून आलेल्या सासूबाई दोन स्वेटर आणि कानटोपीत, आणि आत ज्योत मरगळलेली, केशरी, शेंड्याला काळा धूर. नवऱ्याने सोफ्यावरूनच निदान केलं, "अगं, पेलेट खराब असणार, ब्रँड बदलून बघू." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या बंबाची राख रोज काढायचो, तेव्हा कुठे पाणी तापायचं. तुमच्या बंबाची काढता का?" इथे चर्चा संपली.

साफ करायचा तर आधी विझवून पूर्ण थंड होऊ द्यायचा, म्हणजे त्याच्याबरोबर घरही थंड. बर्न पॉटच्या तळाला क्लिंकर, म्हणजे राख वितळून झालेली, शेंगदाणे नसलेली चिक्की. तिने हवेची भोकंच बुजवलेली, मग ज्योत मरगळेल नाहीतर काय. स्क्रूड्रायव्हरने खरवडून एकेक भोक मोकळं केलं. पण खरी चोरी मागे असते. मागची प्लेट काढली तर हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे जाळाची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या नळ्यांवर पावडरीसारखी मऊ करडी राख, बोट फिरवलं की रेघ उमटते. ती असली की उष्णता घरात यायच्या ऐवजी धुराड्यातून वर जाते, म्हणजे पेलेटचे पैसे आमचे आणि ऊब बाहेरच्या खारींना.

नवरा घरचा व्हॅक्युम घेऊन आला. त्याला दारातच थांबवलं. ही राख इतकी बारीक की साध्या फिल्टरमधून आरपार जाऊन मागून हॉलभर उडते, आणि एखादी ठिणगी जिवंत राहिलेली असली तर व्हॅक्युमच पेटतो. त्यासाठी राखेचा वेगळा, पत्र्याच्या डब्याचा व्हॅक्युम मिळतो, आणि काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, बादली लाकडी डेकपासून लांब. "एवढी चांगली राख टाकून देतेस?" म्हणत सासूबाईंनी ओल्या वर्तमानपत्राचा बोळा राखेत बुडवून दाराची काळी काच घासली. लख्ख! इथेही लोक तशीच घासतात, हे मी त्यांना सांगितलं नाही, आनंदात होत्या.

मग दाराची टेस्ट: नोट अडकवून दार लावायचं आणि ओढायची, सहज निघाली तर दाराभोवतीची गॅस्केटची दोरी गेली. मी डॉलर काढला तर सासूबाई कासावीस, "फाटला म्हणजे? ही घे दहाची." दहाची सुळकन बाहेर आली. दोरी बदलायला हवी. हवा फटीतून आत शिरली की बर्न पॉटला कमी पडते.

शेवटचं काम धुराड्याचं. लीफ ब्लोअरचं, म्हणजे अंगणातली पानं उडवायच्या यंत्राचं, ओढणारं तोंड बाहेरच्या पाइपाला लावायचं आणि स्टोव्हच्या आतल्या भिंती ठोकायच्या, अडकलेलं सगळं निघतं. हे नवऱ्याने हौसेने मागून घेतलं, वारा कुठून येतोय ते मात्र बघितलं नाही. नुकत्याच पडलेल्या बर्फावर मोठा काळा ढग, त्यात आमचे हे, आणि खिडकीतून सासूबाई हा व्हिडिओ सातारच्या ग्रुपवर टाकतायत.

संध्याकाळी पेटवला तर ज्योत पिवळी-पांढरी, उड्या मारणारी, सासूबाईंनी एक स्वेटर काढला. कानटोपी नाही काढली. ग्रुपवर आत्याबाईंनी विचारलं होतं, अमेरिकेत जाऊन मुलगा हे काम करतो का, त्याचं उत्तर टाइप करण्यात त्या गुंतल्या होत्या.