अर्धवट साक्षीलाही प्रार्थनेत जागा असू द्या

आज संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनेतून परत आल्यापासून मन शांत होत नाही, म्हणून हे लिहीत आहे. साक्षीची वेळ होती, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते उभे राहून सांगण्याची. आमच्या ख्रिस्ती मंडळीतील एक भगिनी, जिच्या यजमानांचे बऱ्याच दिवसांपासून डायलिसिस सुरू आहे, पहिल्यांदाच उभी राहिली आणि म्हणाली, "प्रार्थनेला बसते, पण आता तोंडातून शब्द फुटत नाही. तरी मी येते." पुढचे वाक्य ती जुळवत होती, तेवढ्यात प्रार्थना चालवणारे भाऊ म्हणाले, "ताई, आपण विजयाची साक्ष ऐकू या. विश्वास ठेवा, सगळे ठीक होईल." लगेच गीत सुरू झाले. ती पदर सावरून खाली बसली आणि बाकी सगळ्यांनी टाळ्या धरल्या.

याचा मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. ज्यांचे संकट टळले त्यांनीच बोलायचे, हा नियम आपल्यात कधी शिरला? मुलाला नोकरी लागली, प्लॉटचा वाद मिटला, मुतखडा पडला, की साक्ष. आणि ज्याचे काहीच सुटले नाही त्याने मागच्या सतरंजीवर मुकाट बसायचे. वरून घरी जाताना कोणीतरी हळूच म्हणणारच, "विश्वास कुठेतरी कमी पडत असेल." बायबलमध्ये सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला त्याचे तीन मित्र तुझेच काहीतरी चुकले असेल असे सांगत होते, ते याहून वेगळे काय होते? आणि त्या पुस्तकाच्या शेवटी परमेश्वराचा कोप त्या मित्रांवरच भडकला, हे आपण सगळ्यांनी वाचलेले आहे.

मला आमच्या घरचे सांगायचे आहे. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा कशा गेल्या, हे इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. आमची बाग मी शाळेत असल्यापासून वाढताना पाहिलेली. आबा विकतच्या टँकरने पाणी घालत होते. आधी सगळ्या झाडांना, मग फक्त बऱ्या दिसणाऱ्या ओळींना, आणि शेवटी ते पाणीही परवडेना. सुपारीएवढी फळे गळून आळ्यात पडत. अखेर झाडे तोडली आणि लाकूड ट्रॅक्टरमधून सरपणाच्या भावाने गेले. त्या रात्री कुटुंबाच्या प्रार्थनेत आईने बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडला. अंजिराचे झाड फुलले नाही, द्राक्षवेलीला फळ आले नाही, शेतात अन्न उपजले नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असा त्याचा आशय आहे. आबा मध्येच उठले. "बंद कर ते," एवढेच बोलले आणि ओसरीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले.

आईने वाद घातला नाही, पुस्तकही मिटले नाही. तिने पाने मागे उलटली आणि 88 वे स्तोत्र वाचायला घेतले. ते स्तोत्र आक्रोशाने सुरू होते आणि अंधारातच संपते. शेवटी स्तुतीकडे वळणारी एकही ओळ त्यात नाही. आबा ओसरीवरच होते, पण रानाकडे निघून गेले नाहीत. शेवटच्या शब्दापर्यंत ते तिथे बसून राहिले.

मला तेव्हा त्याचा अर्थ कळण्याइतके शांत डोके नव्हते, पण आज संध्याकाळी त्या भगिनीला खाली बसताना पाहिले आणि सगळ्यात आधी ती ओसरी आठवली. दुखावलेल्या माणसाला घरात धरून ठेवले ते त्या अंधाराच्या स्तोत्राने. आनंदाचे वचन खरेच होते, परंतु ते त्याच्या वेळेच्या फार आधी आले होते. पवित्र शास्त्रात दोन्हींना जागा आहे. आपल्या शुक्रवारच्या प्रार्थनेत मात्र एकालाच आहे.

बायबलमधल्या योसेफाची गोष्ट आपण संडेस्कूलमध्ये दहा मिनिटांत संपवतो, भावांनी टाकलेला खड्डा, तुरुंग आणि लगेच मिसरच्या राजाचा, फारोचा दरबार. तो सतरा वर्षांचा असताना विकला गेला आणि तीस वर्षांचा असताना फारोपुढे उभा राहिला. मधली तेरा वर्षे कुठे गेली? त्यांतली दोन तर तुरुंगातून सुटलेला राजाचा प्यालेबरदार त्याला साफ विसरला म्हणून गेली. त्या दोन वर्षांत तुरुंगात कोणी साक्षीची सभा भरवली असती, तर योसेफाकडे विजयाचे सांगण्यासारखे काय होते?

पंडिता रमाबाईंचे नाव आपण प्रत्येक महिला मेळाव्यात घेतो. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या भटकंतीत गेली, मग भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तरीही त्यांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे की बाप्तिस्म्याने ख्रिस्ती धर्म हाती लागला होता, ख्रिस्त मात्र लाभला नव्हता. तो उमगायला पुढे सुमारे आठ वर्षे जावी लागली. मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या मुली, बायबलचे भाषांतर, हे सारे आपल्याला माहीत आहे. आधीच्या त्या आठ वर्षांतल्या रमाबाई आज आपल्या सभेत उभ्या राहिल्या असत्या, तर आपण त्यांनाही गीत लावून खाली बसवले असते, याची मला खात्री वाटते आणि त्याचेच वाईट वाटते.

आमच्या जालन्याला तर हे बाहेरून कोणी शिकवायलाच नको. जालन्यात मिशनकार्य केलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा 1843 चा. त्यांच्या मागोमाग आलेला धाकटा भाऊ श्रीपत कोर्टाच्या हुकुमाने वडिलांकडे परत गेला. जालन्याजवळ त्यांचे बेथेल हे ख्रिस्ती गाव वसले ते त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी. त्या मधल्या वर्षांविषयी आपल्या संदेशांत कधीच कोणी बोलत नाही.

चमत्कार होतात, हे मला मान्य आहे. प्रभूने आंधळ्याला दृष्टी दिली, ते मी नाकारत नाही. प्रार्थना चालवणाऱ्या भावांचा हेतूही वाईट नव्हता, सभा निराशेत संपू नये एवढेच त्यांना वाटले असणार. आणि संकट ही देवाची देणगी आहे असेही मी म्हणणार नाही, कारण टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायची हिंमत माझ्यात नाही. पण प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिताना संकट आणि आशा यांच्यामध्ये धीर आणि शील ठेवले आहे, ते गाळून थेट शेवटाकडे उडी मारायची मुभा आपल्याला कोणी दिली?

आबांचे पुढे काय झाले, हे लिहिते. कित्येक महिने ते प्रार्थनेच्या वेळी ओसरीवर पाठ करूनच बसत. मग कधीतरी दाराच्या चौकटीला टेकून बसू लागले. मी सुट्टीला घरी गेले तेव्हा एकदा ते आत, भिंतीशी होते. आईची प्रार्थना संपल्यावर त्यांचे "आमेन" ऐकू आले आणि आईने जणू काही झालेच नाही अशा रीतीने जेवणाची ताटे घेतली. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू म्हणतो की जमीन आपोआप पीक देते, आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. आपण ज्वारीच्या मुलखातली माणसे. पोटरीत आलेल्या ज्वारीपुढे उभे राहून कोणी दाण्याचा हिशेब मागत नाही. बाग काही परत आली नाही. तिथे आता कपाशी आणि तूर असते, आणि पावसाने तीही अनेकदा नेली. आबा उपासनेला नियमाने जातात, आजाऱ्यांकडे बोलावण्याची वाट न पाहता जाऊन बसतात, पूर्वी हे त्यांच्या स्वभावात नव्हते. हबक्कूकाचा तो अध्याय मात्र त्यांच्यासमोर आम्ही अजूनही वाचत नाही.

मी आमच्या पाळक साहेबांना आजच फोन केला आणि सांगितले की साक्षीच्या वेळेतून "विजयाची" ही अट काढून टाकावी, आणि कोणाचे बोलणे चालू असताना गीत सुरू करू नये. ते विचार करतो म्हणाले. तुमच्यापैकी जे बीड, परभणी, नांदेडकडे प्रार्थना चालवतात त्यांनाही माझी हीच विनंती आहे. कोणाला माझे म्हणणे पटत नसेल तर त्यांनी जरूर लिहावे, मी उत्तर देईन. फक्त त्या भगिनीचा विश्वास कमी आहे, असे येथे कोणीही लिहू नये.