पंप दुकानात चालतो

परवा दुपारी दीड वाजता, रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं तेव्हा, मी पिशवीत कूलरचा पंप घेऊन तालुक्याच्या दुकानात उभा होतो. पंप अडीचशेचा. सोमवारी घेतला, बुधवारी गेला. मे महिना, पारा ४५च्या वर, आणि घरी कूलर नुसत्या झळा फेकत बसलेला. एवढी पूर्वपीठिका पुरे, कारण मला सांगायचं आहे ते आबाजींबद्दल.

आबाजी दुकानाचे मालक नाहीत, नोकर नाहीत, गिऱ्हाईक तर मुळीच नाहीत. नमुना म्हणून चालू ठेवलेल्या कूलरसमोर एक प्लास्टिकची खुर्ची असते, ती होळीपासून पहिल्या पावसापर्यंत आबाजींची. खांद्यावर दुपट्टा, मुठीत खर्ऱ्याची पुडी, आणि चेहऱ्यावर तालुका न्यायालयाचं गांभीर्य. मी पंप काउंटरवर ठेवला. मालकाने मोबाईलवरची नजर न काढता विचारलं, "काय झालं भाऊ?"

"बंद पडला."

"असा कसा बंद पडन?" हे आबाजी.

"दोन दिवस चालला, तिसऱ्या दिवशी बंद."

"म्हंजे दोन दिवस तं चालला ना. चाललाच नाई, असं तं नाई."

मालकाने मान डोलावली. वकील फुकटात मिळाला होता, त्याने बोलायचं कशाला?

"कोनत्या गावचे तुमी?" आबाजींनी उलटतपासणी पुढे नेली. मी गाव सांगितलं. "मंग! खारं पानी. तुमच्या पान्यानं मानसाच्या किडन्या जातात, तं हा अडीचशाचा पंप कायचा टिकते?"

आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे हे खरं. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा पसरलाय. बोअर मारली तर पाणी लागतं, पण ते ना पिता येत, ना पिकाला देता येत. पण हे दुकानही त्याच पट्ट्यात आहे. म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मुलखात गोड्या पाण्याचा पंप विकायचा, आणि बंद पडला की भूगोलाकडे बोट दाखवायचं. बरं, आबाजींसमोरचा कूलर काय गंगाजलावर चालत होता?

शेवटी दुकानातल्या पोराने बादली आणली. पंप बुडवला, पिन खोचली, आणि त्या हरामखोराने अशी काही धार मारली की आबाजींचा दुपट्टा भिजला. घरी तापाने फणफणलेलं लेकरू डॉक्टरच्या दारात जाताच खेळायला लागतं, तसं. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंपाकडे पाहिलं.

"चालते तं!" आबाजी म्हणाले.

"जरा वेळ राहू द्या."

राहू दिला. तेवढ्या वेळात आबाजींनी बाहत्तरच्या दुष्काळात सडकेवर फोडलेली गिट्टी, तेव्हाचं ऊन, तेव्हा कोणाच्याच घरी नसलेला कूलर, असं सगळं ऐकवलं. एकूण सूर असा, की आम्ही गिट्टी फोडून जगलो आणि याला पंप पाहिजे. पाचव्या मिनिटाला बादलीत घुर्रर्र झालं. मग खट्. मग काही नाही.

"लाईन गेली," आबाजी म्हणाले.

आमच्या डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता.

इथे माझं डोकं फिरलं. मी कायदा काढला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, १९१५ वर फोन लावला तर तक्रार नोंदवून घेतात, वगैरे. आवाज बऱ्यापैकी चढला होता. मालकाने पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवला.

"बिल हाय का?" आबाजींनी विचारलं.

बिल नव्हतं. सोमवारी मागितलं होतं, तर मालक म्हणाला होता, "बिल कायले भाऊ, घरचेच तं हा तुमी." त्याच कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. पण बिल दिलं नाही हे दाखवायला आधी माल इथूनच घेतला हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवायला लागतं बिल. मी फोनवरून पैसे दिल्याची नोंद काढली. अडीचशे रुपये, सोमवार, अकरा वाजून चार मिनिटं. काउंटरवरच्या त्या डब्याने तेव्हा अख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलं होतं.

आबाजींनी चष्मा लावून फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "याच्यात पैसे देल्ले असं हाय. पंप घेतला असं कुठी हाय?"

या माणसाला कोणी शिकवलं असतं तर आज नागपूर खंडपीठात असता.

त्या 'घरचे' शब्दाची मला जुनी चीड आहे. माझे बाबा अशाच एका दुकानातून बियाणं आणायचे, पैसे कापूस निघाल्यावर. बियाणं उगवलं नाही तरी तोंड उघडायची सोय नव्हती. ज्याच्याकडून उधार आणलं त्याच्याशी भांडायचं कसं? दुसऱ्या वर्षी आणायचं कुठून? दुबार पेरणीचं बियाणंही तिथूनच, तेही उधार. दुकानदार तेव्हाही म्हणायचा, घरचेच तं हा तुमी. मी पूर्ण पैसे मोजले, तरी घरचाच. पाव्हणा असतो तर निदान पाणी तरी विचारलं असतं.

"तुमी त्या पतसंस्थेत हा ना?" आबाजींनी अचानक विचारलं.

मी हो म्हणालो आणि तिथेच मेलो.

"पासबुकासाठी चार खेपा मारल्या म्या. चारई वेळा पिरींटर बंद. आमी कायदा सांगतला का तुमाले?"

मालक हसला. ते पोरगंही हसलं, आणि त्याचं मला जास्त लागलं. सकाळी नऊपासून ते उभं होतं. दुकानात खुर्ची एकच, तिच्यावर आबाजी. माल खराब निघाला की गिऱ्हाईक त्याच्यावर ओरडतं, परत घेतला की मालक ओरडतो. त्याने हसायचं नाही तर काय करायचं? पण माझ्यावर?

"दे रे भाऊले दुसरा," शेवटी मालक म्हणाला. "वरतून पन्नास घेजो. हा कंपनीचा हाय."

"मग पहिला कोणाचा होता?"

यावर आबाजीही काही बोलले नाहीत. खर्रा तोंडात होता. मी पन्नास दिले, डबा पुन्हा ओरडला. बिल मागितलं, तर बिलबुक संपलं होतं.

नवा पंप चालू आहे. काल दुपारी काउंटरवर मान वर केली, तर समोर दुपट्टा, चष्मा आणि पासबुक. मागे रांगेत सहा माणसं, सगळी कान टवकारून.

प्रिंटर बंद होता. आईशपथ, खरंच बंद होता.