आजोबा ट्रंक घेऊन गेले, पण एकटे गेले नव्हते

मुलं कॉलेजला रवाना झाली की एक मेसेज आमच्याकडच्या ग्रुपवर हमखास फिरतो. यंदा मला तो चार ठिकाणांहून आला. म्हणणं थोडक्यात असं: आपले आजोबा पंधराव्या वर्षी पत्र्याची ट्रंक घेऊन मुंबईला गेले, गिरणीत राबले, त्यांना कधी डिप्रेशन आलं नाही; हल्लीच्या पोरांना सगळं आयतं मिळतं म्हणून ही थेरं सुचतात; मोबाइल काढून घ्या, महिनाभर बागेत राबवा, सरळ होतील; समुपदेशन हे शहरी फॅड आहे. मी कुडाळ तालुक्यात अकरावी-बारावीला शिकवते. माझ्याच वर्गातली मुलं दरवर्षी मुंबई-पुण्याला जातात, म्हणून हे उत्तर.

आजोबा गेले हे खरं. पण गेले कुठे? परळ-लालबागला, गावकीच्या खोलीत. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, सगळी एकाच गावची, पाळीपाळीने झोपणारी. खाणावळवाली मावशी आपल्याच बोलीत रागे भरायची. शनिवारी भजन. कोणी अंथरूण धरलं तर वर्गणी काढून त्याला बोटीत बसवून द्यायचे. नवा पोरगा जेवला नाही तर त्याच रात्री साऱ्या खोलीला कळायचं. आजच्या पोराच्या हॉस्टेलमध्ये मजलाभर मुलं असतात, पण तो चार दिवस मेसमध्ये गेला नाही तर कोणाला पत्ता लागतो? आजोबांच्या चिवटपणाबद्दल मला आदर आहे. मेसेज लिहिणाऱ्याने त्यांची ट्रंक तेवढी लक्षात ठेवली, खोली विसरला.

आणि तेव्हा कोणालाच काही झालं नाही, हेही खरं नव्हे. मुंबईहून परतलेला आणि मग वर्षानुवर्षं पडवीत नुसता बसून राहिलेला एखादा माणूस कितीतरी वाड्यांमध्ये होता. त्याला बाहेरचं लागलंय म्हणत, देवळात गाऱ्हाणं घालत, कौल लावत. आजार होताच, त्याला नाव वेगळं होतं.

सगळं आयतं मिळतं म्हणे. कोकण विभाग बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. २०२४ मध्ये निकाल ९७.५१ टक्के लागला. गावात पहिला आलेला मुलगा शहरातल्या वर्गात जाऊन बसतो, इंग्रजीतून चाललेलं अर्धं डोक्यावरून जातं, पहिल्याच चाचणीत नापास होतो. इकडे नाक्यावरचा त्याच्या अभिनंदनाचा बॅनर अजून उतरलेला नसतो. घरी सांगणार काय? त्यात वयही तेच: मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश चोविशीच्या आत सुरू होतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यात सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात होत्या. याला थेरं म्हणायची माझी जीभ होत नाही.

आता मोबाइल आणि बाग. रात्रभर मोबाइलने झोप उडते, अंगमेहनतीने मन थोडं हलकं होतं, हे मान्यच आहे. पण दोन वर्षांपूर्वीचे गणपती मला आठवतात. माझा एक विद्यार्थी तुतारी एक्स्प्रेसने घरी आला होता. त्याच्या आईने मला बोलावून घेतलं आणि त्याच्या बॅगेच्या तळाचा डबा पुढ्यात ठेवला. कुळथाचं पीठ, सोलं, भाजलेले काजू, तिने जाताना बांधून दिलं होतं तसंच. पिठाला जाळी धरली होती. "बाईनू, ह्या बघा. डबो उघडूकच नाय तेनी." वडिलांनी मोबाइल कपाटात ठेवून तीन दिवस झाले होते. रात्री बहिणीशी बोलायचा, तेवढा एक धागा होता, तोही तुटला. मला म्हणाला, "बाई, आळस नाही हो. सकाळी उठताच येत नाही." असं दोन आठवडे रोजच्या रोज चाललं तर तो डॉक्टरांनी बघायचा आजार असतो. त्याचे तर दोन महिने उलटले होते.

मी त्याला सरळ विचारलं, जीव नकोसा वाटतो का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारलं की मूल बोलतं. तो बोलला. मग त्याच्याच पडवीतून आम्ही १४४१६ लावला. ही टेली-मानस, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली सरकारी सेवा. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

राहिलं फॅड. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क केला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवाच. प्रवेश घेताना आपण मेसचे दर विचारतो, तसं समुपदेशक कोण आणि कुठल्या दिवशी बसतात, हेही ऑफिसात विचारा. आमच्याकडे अजून थट्टेत "रत्नागिरीला पाठवा याला" म्हणतात. तिथल्या मनोरुग्णालयाच्या नावाने पोरांना एवढं भेडसावलंय की साध्या सल्ल्यालाही ती बिचकतात.

त्या मुलाने जिल्हा रुग्णालयात उपचार घेतले, एक सत्र बुडवलं आणि जानेवारीत तो परत गेला. मोबाइल त्याच्याकडेच आहे. मुंबईत शिकणारी वाडीतली पाच मुलं आता दर रविवारी डोंबिवलीला त्याच्या मामीकडे जेवायला जमतात, आणि एखादा आला नाही तर मामी जेवणं वाढायच्या आधी त्याला फोन लावते.