‘गंजलं म्हणजे बनावट’? स्टेनलेस स्टीलच्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अस्सल स्टेनलेस स्टीलमध्ये दोष नसतो, म्हणून ते कधीच गंजत नाही. गंजलं किंवा चुंबक चिकटलं, तर माल बनावट. चकाकी आहे तोवर तडा जायची भीती नाही.’ यातलं एकही विधान टिकत नाही आणि शेवटचं तर धोकादायक आहे.

चुंबकाचं आधी उरकू. स्टेनलेसच्या ४३० या ग्रेडमध्ये, म्हणजे प्रकारात, १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं. ते अस्सल स्टेनलेसच, तरी चुंबकाला चिकटतं. ३०४ हा दुसरा ग्रेड एरवी चिकटत नाही, पण गरम न करता ठोकलं-वाकवलं की तेही थोडं ओढलं जातं.

आता गंज. तो अडवतो क्रोमियम ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा धरतो. पण पोलादात मँगनीज सल्फाइडचे सूक्ष्म कण राहतात आणि त्यांच्यापाशी हा थर कच्चा असतो. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड नेमके तिथेच घुसतात. खड्डा पडला की आतलं पाणी आम्लधर्मी होतं, त्यात आणखी क्लोराइड ओढले जातात आणि खड्डा स्वतःलाच पोसत खोल जातो. वरून दिसतो फक्त एक ठिपका.

वेल्डिंगच्या जोडाशेजारी वेगळंच घडतं. साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसला पोलादातला कार्बन क्रोमियमला धरून, धातू ज्या बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो त्यांच्या सीमांवर, कार्बाइड हे संयुग बनवतो. सीमेलगतच्या पट्टीत क्रोमियम कमी पडतं आणि गंज तिथून शिरतो. माल अस्सलच होता, बिघडवलं उष्णतेनं! म्हणूनच ३०४एल या ३०४च्या कमी कार्बनवाल्या प्रकारात कार्बन ०.०३ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत.

आणि तडा? स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे १९८५ साली पोहण्याच्या तलावावरचं काँक्रीटचं छत कोसळून १२ जण गेले. छत स्टेनलेसच्या सळ्यांवर टांगलेलं होतं. क्लोराइड आणि सततचा ताण एकत्र आले आणि सळ्यांना तडे गेले. असे तडे केसासारखे बारीक असतात, फाटे फुटत आत जातात. बाहेर धातू फारसा झिजतही नाही. अशा ठिकाणी चकाकी बघून निर्धास्त राहणं म्हणजे तपासणीच न करणं.

राहिला ‘दोष नसतो’ हा दावा. स्फटिकातल्या अणूंची रचना जागोजागी चुकलेली असते, म्हणून तर धातू न तुटता वाकतो. या चुका सरकल्या नसत्या, तर पत्र्याला आकारच देता आला नसता.