नार्को टेस्टची मागणी करणाऱ्यांना, एका भूलतज्ज्ञाकडून

परत सुरू झालंय. एखादी भयंकर केस टीव्हीवर आली की दोन दिवसांत ती ठरलेली मागणी येतेच, "त्याची नार्को करा, पोपटासारखा बोलेल." वसईच्या मुलीचा दिल्लीत खून झाला तेव्हा पण हेच, १ डिसेंबर २०२२ ला रोहिणीच्या हॉस्पिटलमध्ये आरोपीची नार्को झाली आणि आपले नातेवाईक, शेजारी, शिकलेसवरलेले डॉक्टरसुद्धा ग्रुपवर लिहीत होते की आता सत्य बाहेर येणार. मी भूलतज्ज्ञ आहे. नार्कोत जे औषध वापरतात ते माझ्या ट्रेनिंगच्या काळात आमचं रोजचं औषध होतं, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही. पोस्ट लांब होणार आहे, पण वाचा.

औषधाचं नाव सोडियम थायोपेंटल, आम्ही सगळे पेंटोथालच म्हणायचो. फिकट पिवळी पावडर, वायलमध्ये पाणी घालून हलवायची, लसणासारखा गंधकाचा वास येतो. पेशंटला शिरेतून द्यायला लागलं की बरेच जण डोळे मिटायच्या आधी म्हणायचे, "डॉक्टर, तोंडात कांद्यासारखी चव येतेय." आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात झोप. केमिस्ट्री बघितली तर पेंटोबार्बिटल नावाचं जुनं झोपेचं औषध, त्यातल्या एका ऑक्सिजनच्या जागी सल्फर बसवलाय, बास, एवढाच बदल. पण त्या सल्फरमुळे ते चरबीत फार पटकन विरघळतं, मेंदू चरबीनं भरलेला, म्हणून ते रक्तातून सरळ मेंदूत शिरतं, आणि थोड्या वेळात स्नायूंमध्ये नि बाकी शरीरात पांगतं म्हणून पेशंट पाच-दहा मिनिटांत जागा व्हायला लागतो. १९३४ ला अमेरिकेत ते पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. द्रावण इतकं अल्कलाइन की चुकून शिरेऐवजी धमनीत गेलं तर बोटं काळी पडून हात जायची वेळ येते. हे सांगते कारण टीव्हीवर ते "एक साधं इंजेक्शन" म्हणून सांगतात. साधं नाहीये ते. डोस जरा जास्त झाला की श्वास थांबतो, म्हणून शेजारी ऑक्सिजन, ट्यूब आणि आमच्यासारखं कुणीतरी लागतं.

नार्कोमध्ये काय करतात, तर हेच औषध थेंबाथेंबानं देऊन माणसाला पूर्ण झोपू द्यायचं नाही, मधल्या गुंगीत ठेवायचं आणि प्रश्न विचारायचे. त्या मधल्या अवस्थेत मेंदूचा जो भाग आपल्याला सांभाळून बोलायला लावतो तो सैल पडतो, माणूस बडबडतो. इथपर्यंत खरं आहे. भूल उतरताना किती पेशंट काय काय बोलतात ते ओटीत काम करणाऱ्या कुठल्याही सिस्टरला विचारा. कुणी घरच्यांवरचा राग काढतो, कुणी गाणी म्हणतो, कुणी मेलेल्या आईला हाका मारतो, कुणी मला सांगतो की म्हैस सुटलीय, बांधा. ती म्हैस कुठे असते हो? बोलणारा मात्र शंभर टक्के मनापासून बोलत असतो. लोक नेमकं इथं फसतात. आवरून न धरता बोललं म्हणजे खरं बोललं असं आपण धरून चालतो, आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध फार थोडा.

ही कल्पना आली कुठून तेही बघा. टेक्सासमध्ये रॉबर्ट हाउस नावाचे बाळंतपणं करणारे डॉक्टर होते. त्या काळी प्रसूतीच्या वेदना कमी करायला मॉर्फिन आणि स्कोपोलामिन देऊन अर्धवट गुंगी आणायचे. स्कोपोलामिन म्हणजे आपल्या धोतऱ्यात असतं तेच. १९१६ मध्ये एका घरी बाळंतपण झालं, बाळाचं वजन करायला डॉक्टरांनी काटा मागितला, नवऱ्याला काही सापडेना, आणि गुंगीत पडलेली बायको स्पष्ट म्हणाली की तो स्वयंपाकघरात तसबिरीच्या मागे खिळ्याला टांगलाय. तिथेच होता. हाउसना वाटलं, या औषधात माणूस खोटं बोलूच शकत नाही. १९२२ ला त्यांनी डलासच्या जेलमध्ये दोन कैद्यांना ते दिलं, दोघांनी गुंगीतही गुन्हा नाकारला, पुढे दोघं निर्दोष सुटले, आणि पेपरवाल्यांनी "ट्रुथ सीरम" डोक्यावर घेतलं. विचार करा, त्या बाईला काटा कुठे आहे हे लपवायचंच नव्हतं. लपवायचं असलेला माणूस काय करतो हा खरा प्रश्न होता, आणि तो नीट तपासायला पुढे पंचवीस-तीस वर्षं लागली.

तपासला, आणि तोही चांगला तपासला. १९४० च्या दशकात अमेरिकन लष्कराच्या हॉस्पिटलमध्ये १७ सैनिक पेशंट, ज्यांच्यावर गुन्ह्यांचे आरोप होते, त्यांना सोडियम अमिटाल देऊन विचारपूस केली, हे पेंटोथालचंच भावंड. निष्कर्ष वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. एकानं सांगितलं मला मूल आहे, ते मूल अस्तित्वातच नव्हतं. दुसरा म्हणाला सावत्र बाप दिसला की मारून टाकीन, तो बाप वर्षभरापूर्वी वारलेला. तिसऱ्यानं दरोड्यात सामील असल्याची कबुली दिली, प्रत्यक्षात त्यानं फक्त दरोडेखोरांकडून माल विकत घेतला होता. तारखा, ठिकाणं, नावं, सगळ्यात गोंधळ. यातलं खरं कुठलं आणि भ्रम कुठला हे बाहेरून दुसरा पुरावा आणल्याशिवाय कळायला मार्गच नव्हता. मग मला सांगा, बाहेरून पुरावा आणायचाच आहे तर इंजेक्शन कशाला?

आणि १९५१ चा येल युनिव्हर्सिटीतला प्रयोग तर प्रत्येक वकिलानं वाचायला पाहिजे. नऊ जण घेतले. प्रत्येकानं आपल्या आयुष्यातली एक लाजिरवाणी गोष्ट एका संशोधकाला सांगायची आणि ती झाकायला एक खोटी गोष्ट रचायची, मग अमिटाल देऊन दुसरा संशोधक उलटतपासणी घेणार. ज्यांची मनं धडधाकट होती, ते औषधातही आपल्या खोट्या गोष्टीला चिकटून राहू शकले. आणि जे आधीच अपराधीपणाच्या ओझ्याखाली होते, स्वतःला शिक्षा करून घ्यायची ज्यांची वृत्ती होती, ते पटकन बोलले, आणि नुसते बोलले नाहीत, न केलेल्या गोष्टींचीही कबुली देऊन बसले!

हे परत एकदा वाचा प्लीज. औषध दिल्यावर कोण तुटेल हे त्यानं गुन्हा केलाय की नाही यावर ठरत नाही, त्याच्या स्वभावावर ठरतं. निगरगट्ट माणूस सुटतो. घाबरट, गरीब, स्वतःलाच दोष देत बसणारा, पोलिसांसमोर आधीच थरथरणारा माणूस अडकतो. आणि आपण "नार्को करा" ओरडतो तेव्हा डोळ्यांसमोर तो निगरगट्ट असतो, पण टेबलावर बहुतेक वेळा दुसराच येणार.

सीआयए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेनं तर यावर काय काय केलं. १९५३ पासून एमके-अल्ट्रा नावाखाली दीडशेच्या आसपास उपप्रकल्प, त्यात औषधांचं रसायनशास्त्र होतं, हिप्नोसिस होतं आणि व्यक्तिमत्त्व मोजायच्या चाचण्याही होत्या. जॉन गिटिंजर नावाच्या त्यांच्या मानसशास्त्रज्ञानं साध्या बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवरून माणूस कसा वागेल, कशानं वाकेल हे ओळखायची एक पूर्ण पद्धत बांधली होती. म्हणजे कोण बोलेल हे स्वभावावर ठरतं ही गोष्ट त्यांनाही कळलेली होती. फ्रँक ऑल्सन हा त्यांच्याबरोबर काम करणारा लष्कराचा शास्त्रज्ञ, नोव्हेंबर १९५३ मध्ये त्याला न सांगता दारूतून एलएसडी हे भास घडवणारं औषध दिलं आणि काही दिवसांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मेला. १९७३ ला बहुतेक फाइली नष्ट करायचा हुकूम निघाला, काही हिशेबाचे खोके राहून गेले म्हणून १९७७ ला बराच तपशील बाहेर आला. एवढं करून १९६१ मध्ये त्यांच्याच अंतर्गत मासिकात काय छापून आलं? की लोक समजतात तसं सत्य वदवणारं औषध अस्तित्वात नाही. ज्यांना काहीही करायची मुभा होती, त्यांनी हात टेकले.

आता बोलण्याबद्दल. हा भाग मला सगळ्यात जवळचा, कारण पेशंट किती खोल गेलाय हे आम्ही त्याच्या बोलण्यावरून ओळखतो. आकडे उलटे मोजायला सांगायचं, आधी शब्द लांबतात, मग "स" आणि "श" एकमेकांत मिसळतात, मग वाक्याचं शेपूट गळून पडतं. बोलणं म्हणजे श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ यांची इतकी नाजूक जुळणी आहे की गुंगीत ती लवकर बिघडते. नार्कोमध्ये नेमकं हेच बोबडं, तुटक बोलणं पुरावा म्हणून ऐकायचं असतं. आरोपी पुटपुटतो, "तिकडं... नेलं..." मग समोरचा विचारतो, "खाडीकडं नेलं का?" तो म्हणतो, "हं." झालं, रेकॉर्डवर काय आलं? या औषधात माणूस सुचवलेलं पटकन उचलतो. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये एका बापानं थेरपिस्ट मंडळींवर केस जिंकली, त्याच्या मुलीला अमिटाल देऊन बालपणीच्या अत्याचाराच्या "आठवणी" पक्क्या करून दिल्या होत्या म्हणून. ज्यूरीनं पाच लाख डॉलर भरपाई दिली.

हेच अमिटाल खऱ्या संशोधनात केवढं कामाला आलंय. १९४९ मध्ये जपानच्या जुन वाडा यांनी ते मानेच्या एका बाजूच्या धमनीतून देऊन मेंदूचा अर्धा भाग काही मिनिटं झोपवायची पद्धत छापली. पेशंट दोन्ही हात वर धरून मोजत असतो, औषध गेलं की विरुद्ध बाजूचा हात खाली पडतो, आणि ती बोलण्याची बाजू असेल तर मोजणं थांबतं. फिटच्या ऑपरेशनआधी वाचा कुठल्या बाजूला आहे ते कळतं, म्हणजे सर्जन ती वाचवतो. माँट्रियलमध्ये पुढे शेकडो पेशंटवर हे करून कळलं की उजव्या हाताच्या माणसांत सुमारे ९६ टक्क्यांची वाचा डाव्या बाजूला, डावखुऱ्यांत सुमारे ७० टक्के. बघा, प्रश्न नेमका होता, उत्तर पडताळता येत होतं, पेशंटचं भलं होत होतं. औषध तेच!

आवाजावरून खोटं पकडायची मशीनं विकणारेही आहेत. २००७ मध्ये स्वीडनच्या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी अशा मशीनमागे विज्ञान नाही असा लेख लिहिला, कंपनीनं कायद्याचा धाक दाखवला आणि प्रकाशकानं लेख ऑनलाइन आवृत्तीतून काढला. ब्रिटननं सरकारी भत्त्यासाठी फोन करणाऱ्यांवर असलंच तंत्र वापरून पाहिलं आणि २०१० ला सोडून दिलं.

आपल्याकडे? स्टॅम्प पेपर घोटाळ्यातल्या तेलगीची नार्को बंगळुरूला झाली, मुंबई हायकोर्टानं २००४ ला अशा टेस्टला परवानगी दिली, आणि मग ती टेप टीव्हीवर वाजली. गुंगीतल्या माणसाचं बोलणं घरोघरी जेवताना ऐकलं लोकांनी, त्यात आलेली नावं चघळली. मला तेव्हाही किळस आली होती, आजही येते, कारण गुंगीतला माणूस आमच्याकडे विश्वासानं सोपवलेला असतो, तो तेव्हा जे बोलतो ते ओटीच्या बाहेर न्यायचं नसतं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पुण्यात २००८ ला एमबीएच्या एका विद्यार्थिनीला जन्मठेप झाली, प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा आरोप, आणि निकालात इतर पुराव्यांबरोबर ब्रेन मॅपिंगचाही आधार होता. म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून, डोळे मिटून बसवायचं, वाक्यं वाचून दाखवायची, आणि मेंदूच्या लहरींवरून ठरवायचं की हे तिनं "अनुभवलंय". त्याच वर्षी निम्हान्स या बंगळुरूच्या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेच्या संचालकांच्या समितीनं सांगितलं की ही पद्धत शास्त्रीय नाही, पुरावा म्हणून वापरू नका. हायकोर्टानं पुढे तिला जामीन दिला.

५ मे २०१० ला सुप्रीम कोर्टानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ (खोटं पकडायचं मशीन), ब्रेन मॅपिंग करता येणार नाही, घटनेच्या कलम २०(३) (स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) विरुद्ध आहे. संमती असली तरी टेस्टमधलं बोलणं स्वतः पुरावा नाही, त्यातून पुढे काही सापडलं तर तेवढंच चालेल. जून २०२५ मध्ये बिहारच्या केसमध्ये कोर्टाला तेच परत सांगावं लागलं, कारण हायकोर्टासमोर पोलिसांनी सगळ्या आरोपींची नार्को करू म्हणून सांगितलं होतं आणि ते मान्यही झालं होतं.

माझं भांडण आता त्या "संमती" शब्दाशी आहे. कोठडीत असलेला माणूस, घरच्यांना भेटलेला नाही, त्याला कुणीतरी सांगतं की निर्दोष असशील तर घाबरतोस कशाला, सही कर. नाही म्हणाला तर उद्या चॅनेलवर "नार्कोला नकार, नक्की हाच." आम्ही साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला पेशंटला धोके समजावून सांगतो, त्याच्या भाषेत, नातेवाइकासमोर. या माणसाला कुणी सांगतं का की बाबा, औषधात तू न केलेलंही कबूल करू शकतोस, ते संशोधनात झालेलं आहे? मॅजिस्ट्रेटसमोर संमती नोंदवताना हे वाक्य त्याच्या भाषेत वाचून दाखवलं पाहिजे आणि वकील शेजारी बसलेला पाहिजे. आणि माझ्या भूलतज्ज्ञ मित्रमैत्रिणींना विनंती, तुम्हाला बोलावणं आलं तर आधी विचारा, त्याला हे सांगितलंय का. सांगितलं नसेल तर सिरिंज भरू नका. पेशंटच्या भल्यासाठी भूल देतो आपण, आणि त्या खोलीत त्याच्या बाजूचं दुसरं कुणीच नसतं.